काळ्या खोलीत शिकलेले धडे

आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकातून चित्रे घेणे आणि ती अभ्यासासाठी नीट करणे हे रोजचे काम आहे. या कामाची ओळख व्हावी म्हणून डिजिटल इमेजिंगचा अभ्यासक्रम करणारे विद्यार्थी अधूनमधून आमच्याकडे येतात. मागे अशीच एक विद्यार्थिनी आली होती. संगणकावर चित्रे जोडणे, पार्श्वभूमी बदलणे, रंग खुलवणे ही कामे ती आमच्यापेक्षा कितीतरी झटपट करी. एका दुपारी तिने आम्हाला तीन प्रश्न विचारले. चित्राचा एखादा भाग उजळ करण्याच्या 'डॉज' या साधनाचे चिन्ह काडीला लावलेल्या काळ्या चकतीसारखे का? भाग गडद करण्याच्या 'बर्न'चे चिन्ह वळवलेल्या हातासारखे का? आणि चित्र स्पष्ट करण्याच्या साधनाला 'अनशार्प मास्क', म्हणजे 'अस्पष्ट मुखवटा', असे उलटे नाव कोणी दिले?

तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, ते म्हणजे छायाचित्रकाराच्या काळ्या खोलीत, डार्करूममध्ये. तिने डार्करूम कधी पाहिलीच नव्हती. कोणते बटण दाबले की काय होते हे तिला शिकवले होते. ते का होते हे शिकवले नव्हते. तिला उत्तरे देता देता आम्हाला जो इतिहास सांगावा लागला, तो येथे मांडत आहोत. चित्र सुधारणे कुठे संपते आणि चित्र खोटे करणे कुठे सुरू होते, या प्रश्नाचे उत्तर शोधायलाही तो उपयोगी पडतो.

निगेटिव्ह: मधला मुक्काम

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच, अत्यंत रेखीव चित्र उमटे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडमध्ये टॅल्बट यांनी १८४१ मध्ये पेटंट घेतलेली कॅलोटाइप पद्धत वेगळी होती. कागदावर आधी उलटे चित्र उमटे, म्हणजे उजेड काळा आणि सावली पांढरी. ही झाली निगेटिव्ह. तिच्यातून प्रकाश सोडून दुसऱ्या कागदावर सुलटे चित्र काढायचे. रेखीवपणात कॅलोटाइप मागे होती, पण तिच्यात दृश्य आणि अंतिम चित्र यांच्या मध्ये एक मुक्काम होता. त्या मुक्कामावर थांबून काही करता येत होते: निगेटिव्हचा एखादा भाग झाकावा, दोन निगेटिव्ह एकत्र छापाव्यात, पेन्सिलीने खुणा कराव्यात. आज संगणकात हा मधला मुक्काम आकड्यांचा असतो. चित्र संपादनाची सगळी कला या मुक्कामावरच जन्मली.

दोन काचा, एक आकाश

१८५१ नंतर काचेवर कलोडियनचा थर देऊन निगेटिव्ह करण्याची पद्धत रुळली. पण त्या थराला मुख्यतः निळा आणि जांभळा प्रकाशच 'दिसे'. हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रंगांना तो जवळजवळ आंधळा होता. झाडे, जमीन, घरे नीट उमटावीत म्हणून जास्त वेळ प्रकाश द्यावा, तर तेवढ्या वेळात निळे आकाश प्रमाणाबाहेर उमटून चित्रात नुसते कोरे पांढरे दिसे. ढग सगळे नाहीसे. त्या काळातील अनेक निसर्गचित्रांत आकाश कोऱ्या कागदासारखे असते, ते या रसायनशास्त्रामुळे.

फ्रान्समधील ग्युस्ताव ल ग्रे यांनी यावर तोड काढली. समुद्रासाठी एक निगेटिव्ह, आकाशासाठी दुसरी. छापताना आकाशाच्या वेळी समुद्र झाकायचा, समुद्राच्या वेळी आकाश. जोड क्षितिजाच्या रेषेवर येई, त्यामुळे तो लपत असे. सेत येथील मोठ्या लाटेचे त्यांचे १८५७ चे चित्र असे दोन निगेटिव्ह जोडून तयार झाले आहे. आज मोबाइलचा कॅमेरा एकदा बटण दाबले की अनेकदा लागोपाठ कमी-जास्त प्रकाशाची चार-सहा चित्रे घेतो आणि आपल्याला न विचारता त्यांचे एक चित्र करून दाखवतो. ढगही दिसतात आणि सावलीतला चेहराही. ही ल ग्रे यांचीच युक्ती आहे.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ऑस्कर रेजलँडर या मूळच्या स्वीडिश छायाचित्रकाराने 'जीवनाचे दोन मार्ग' अशा अर्थाचे एक मोठे चित्र मँचेस्टरच्या कला प्रदर्शनात ठेवले. एक तरुण सदाचाराकडे वळतो, दुसरा चैनीकडे, अशी त्याची कल्पना. त्यासाठी त्यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह वापरल्या. एक निगेटिव्ह ठेवायची, बाकीचा कागद झाकायचा, उन्हात तेवढा भाग उमटू द्यायचा, मग पुढची. या कामाला सुमारे सहा आठवडे लागले. इतकी माणसे एकाच वेळी उभी करून सगळी रेखीव यावीत अशी ना तेव्हाची भिंगे होती, ना तेवढा मोठा स्टुडिओ. संगणकावर 'लेअर' एकावर एक रचणारा विद्यार्थी नेमके हेच करतो. राणी व्हिक्टोरियाने या चित्राची एक प्रत विकत घेतली.

दुसऱ्या वर्षी, १८५८ मध्ये, हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्ह जोडून क्षयाने शेवटच्या घटका मोजणाऱ्या मुलीचे आणि तिच्याभोवतीच्या कुटुंबीयांचे चित्र केले. लोक दुखावले. इतक्या खासगी दुःखात कॅमेरा घेऊन शिरायचे का, असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात ती मुलगी ठणठणीत होती. असेच चित्र एखाद्या चित्रकाराने रंगवले असते तर कोणाला वावगे वाटले नसते. छायाचित्र म्हणजे घडलेल्या घटनेची साक्ष, ही समजूत छायाचित्रणाच्या पहिल्या वीस वर्षांतच किती पक्की झाली होती ते यावरून दिसते.

ही कला आपल्याकडेही फार लवकर आली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी एक. पुढे गावोगावच्या स्टुडिओंत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे व्रण आणि सुरकुत्या घालवणारे रिटचर असत. दिवंगत आजोबांचा एकट्याचा फोटो आजीच्या फोटोशेजारी बेमालूम जोडून भिंतीवर लावलेला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्या फोटोला कोणी खोटे म्हटले नाही. घरात सर्वांना ठाऊक होते की तो जोडलेला आहे.

काडीवरची चकती

आता पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हचे मोठे प्रतिबिंब कागदावर पाडणारा दिवा. कागदावर जितका प्रकाश जास्त पडेल तितका तो भाग काळा होतो. एखादा भाग फार काळा होत असेल तर तारेच्या किंवा काडीच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून तिची सावली काही सेकंद त्या भागावर धरायची. कडा उमटू नये म्हणून चकती सतत हलवत राहायची. हे 'डॉजिंग'. उलट एखादा भाग जास्त काळा करायचा असेल तर हाताचा पंजा वळवून त्याच्या फटीतून फक्त तेवढ्याच भागावर जादा प्रकाश पाडायचा. हे 'बर्निंग'. संगणकावरची चिन्हे म्हणजे ही चकती आणि हा हात.

या कामात अमेरिकेचे ॲन्सेल अ‍ॅडम्स यांचा हातखंडा होता. त्यांचे न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्याचे 'मूनराइज' हे चित्र जगप्रसिद्ध आहे. वर मोठे काळेभोर आकाश, त्यात चंद्र, खाली हिमाच्छादित डोंगर आणि मावळतीच्या उन्हात चमकणारे दफनभूमीतील क्रूस. रस्त्याने जाताना हे दृश्य दिसताच अ‍ॅडम्स यांनी घाईघाईने गाडी थांबवून कॅमेरा लावला. प्रकाशमापक काही केल्या सापडेना. पण चंद्राच्या पृष्ठभागाची तेजस्विता त्यांना पाठ होती: एका चौरस फुटाला २५० कँडल. त्यावरून मनात हिशेब करून त्यांनी चित्र घेतले. दुसरे घेण्यापूर्वीच क्रूसांवरचे ऊन गेले.

या निगेटिव्हची साधी प्रत काढली तर आकाश करडे आणि ढगांच्या पट्ट्यांचे दिसते. १९४८ मध्ये अ‍ॅडम्स यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो गडद केला, म्हणजे चित्रात तो भाग अधिक खुलावा. पुढच्या तीस वर्षांत हजारांहून अधिक प्रती काढताना ते आकाश 'बर्न' करून अधिकाधिक काळे करीत गेले. म्हणजे आज आपण जे काळेभोर आकाश पाहतो ते त्या संध्याकाळी तसे नव्हते.

पण पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. अ‍ॅडम्स यांनी चित्राची तारीख लिहून ठेवली नव्हती. वेगवेगळ्या ठिकाणी ते १९४० पासून १९४४ पर्यंतची वेगवेगळी साले सांगत. १९८१ मध्ये डेव्हिड एल्मोर या शास्त्रज्ञांनी चित्रातील चंद्राचे डोंगरांच्या संदर्भातील स्थान मोजून तारीख काढली: ३१ ऑक्टोबर १९४१. दहा वर्षांनी डेनिस दि चिको यांनी कॅमेऱ्याची नेमकी जागा नव्याने ठरवून हा हिशेब सुधारला आणि १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटे असे उत्तर दिले. आकाशाचा काळेपणा अ‍ॅडम्स यांनी मनासारखा बदलला होता, पण चंद्राची जागा बदलली नव्हती. जे बदलले नव्हते त्याने पन्नास वर्षांनंतरही खरी साक्ष दिली. चंद्र चित्रात थोडा डावीकडे 'बरा दिसतो' म्हणून सरकवला असता, तर ही साक्ष कायमची नष्ट झाली असती.

हर्टर आणि ड्रिफील्ड यांचा आलेख

डार्करूममध्ये बराच काळ सगळे अंदाजाने चाले. त्याला मापाची शिस्त लावली इंग्लंडमधील एका अल्कली कारखान्याशी संबंधित दोघांनी: फर्डिनांड हर्टर हे रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो ड्रिफील्ड हे अभियंता. ड्रिफील्ड यांना छायाचित्रणाचा छंद होता आणि त्यांनी हर्टर यांनाही तो लावला. काचेला किती प्रकाश दिला म्हणजे ती किती काळी होते याची मोजमापे घेऊन १८९० मध्ये त्यांनी एक आलेख प्रसिद्ध केला. आडव्या अक्षावर प्रकाशाचा लॉगरिदम, उभ्या अक्षावर काळेपणा. वक्र इंग्रजी एस् या अक्षरासारखा निघाला. अगदी कमी प्रकाशात तो जवळजवळ सपाट, मध्ये सरळ चढत जाणारा आणि फार प्रकाशात पुन्हा सपाट.

संगणकावरच्या 'कर्व्हज' या साधनामागे हीच कल्पना आहे. आडव्या अक्षावर मूळ आकडा, उभ्या अक्षावर नवा आकडा. मधला भाग जितका चढा तितका चित्रातला काळ्या-पांढऱ्यातील फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, जास्त. या चढाला त्या दोघांनी गॅमा हे अक्षर दिले होते. तेही आपल्या पडद्यांवर अजून टिकून आहे.

आलेखाचे सपाट तुकडे मात्र धोक्याचे असतात. समजा, वक्र असा ओढला की ० ते ४० पर्यंतचे सगळे मूळ आकडे ० झाले. मग १० आणि ३५ यांत जो फरक होता तो गेला. ० वरून मूळ आकडा १० होता की ३५ हे कोणालाही सांगता येणार नाही. गणिताच्या भाषेत, फलन एकास-एक राहिले नाही. परतीची वाट बंद झाली. चढा वक्र फरक वाढवतो, सपाट वक्र फरक पुसतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी एकाच झटक्यात घडतात.

अस्पष्टतेतून स्पष्टता

आता तिसरा प्रश्न. १९३०-३१ च्या सुमारास श्पीग्लर आणि युरिस यांनी क्ष-किरणचित्रे सुधारण्यासाठी एक पद्धत मांडली. क्ष-किरणचित्रात काही भाग फार काळे, काही फार पांढरे असतात, आणि दोन्हींतील बारकावे एकदम दिसत नाहीत. उपाय असा: मूळ निगेटिव्हपासून एक फिकट आणि मुद्दाम अस्पष्ट अशी सुलटी प्रत काढायची. ही प्रत मूळ निगेटिव्हवर तंतोतंत ठेवायची. निगेटिव्ह जिथे काळी तिथे सुलटी प्रत पांढरी, त्यामुळे मोठ्या भागांतील काळे-पांढरेपण एकमेकांना बरेचसे काटते. बारीक तपशील मात्र अस्पष्ट प्रतीत नसतातच, म्हणून ते कापले जात नाहीत. दोन्हींतून प्रकाश सोडून नवे चित्र छापले की बारकावे उठून दिसतात. ती अस्पष्ट प्रत म्हणजेच 'अनशार्प मास्क'.

ऑस्ट्रेलियातील अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत डेव्हिड मॅलिन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत खगोलशास्त्रात आणली. दुर्बिणीच्या काचेच्या प्लेटवर एका बाजूला चित्राचा थर असे. मॅलिन प्रतीची फिल्म काचेच्या दुसऱ्या बाजूला ठेवत आणि विखुरलेला प्रकाश सोडत. काचेच्या जाडीमुळे प्रत आपोआप अस्पष्ट होई. तेजोमेघांच्या झगझगीत गाभ्यात दडलेली रचना अशी दिसू लागली. त्याच डार्करूममध्ये अतिशय फिकट प्रतिमा वाढवण्याचे आणखी एक तंत्र त्यांनी वापरले. त्यातून लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवतीची फिकट कवचे दिसली, आणि १९८६ मध्ये एक प्रचंड पण अत्यंत मंद दीर्घिका सापडली. तिला आज 'मॅलिन १' म्हणतात. मात्र हा शोध नुसत्या चित्रावर सोडून दिला गेला नाही. दुसऱ्या निरीक्षणांनी तिचे अंतर ठरवून पडताळा पाहिल्यावरच तो पक्का झाला.

ही पद्धत फळ्यावर सहज दाखवता येते. एका ओळीत सहा ठिपके घ्या. त्यांची तेजस्विता अशी:

१०, १०, १०, ४०, ४०, ४०

तिसऱ्या आणि चौथ्या ठिपक्यांच्या मध्ये कड आहे. आता प्रत्येक ठिपक्याच्या जागी तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी यांची सरासरी लिहा. टोकाचे ठिपके आहेत तसेच ठेवा. हे झाले अस्पष्ट चित्र:

१०, १०, २०, ३०, ४०, ४०

मूळ चित्रातून अस्पष्ट चित्र वजा करा:

०, ०, –१०, +१०, ०, ०

उरली ती फक्त कड. ही कड मूळ चित्रात मिळवा:

१०, १०, ०, ५०, ४०, ४०

कडेवरचा फरक ३० होता तो ५० झाला. चित्र अधिक रेखीव 'दिसते'. आपले डोळेही असेच काही करतात. दोन करड्या पट्ट्यांच्या सीमेवर आपल्याला एक जास्त काळी आणि एक जास्त उजळ रेघ दिसते, हे एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच दाखवले होते.

पण विद्यार्थ्यांना येथे एक प्रश्न जरूर विचारावा: शेवटच्या ओळीतील ० आणि ५० हे आकडे मूळ ओळीत कुठे होते? कुठेच नव्हते. ते आपण निर्माण केले. त्यांनी कडेकडे लक्ष वेधले हे खरे, पण दृश्यात काळी आणि पांढरी रेघ होती असे आता कोणी म्हणेल तर ते चूक ठरेल. फार जोराने 'शार्प' केलेल्या चित्रात वस्तूंभोवती जी झळाळी दिसते ती हीच.

चित्राचे आकडे होतात

१९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या संगणकाला चित्र वाचणारे यंत्र जोडले. कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो वापरला. ५ सेंटीमीटर चौरस, १७६ गुणिले १७६, म्हणजे सुमारे एकतीस हजार ठिपके. मधला मुक्काम आता चांदीच्या कणांचा राहिला नाही, आकड्यांचा झाला.

१९६५ च्या जुलैत मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले. त्याच्या एका चित्रात २०० गुणिले २०० ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याला ६ बिट. म्हणजे २,४०,००० बिट. यान सेकंदाला सुमारे ८.३३ बिट पाठवत होते. भागाकार करून पाहा: एका चित्राला आठ तास! पहिले चित्र संगणकातून तयार होईपर्यंत तेथील अभियंत्यांना धीर निघेना. आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावून त्यांनी रंगीत खडूंनी आकड्याप्रमाणे रंग भरले. मंगळाचे जवळून घेतलेले चित्र पहिल्यांदा असे हाताने रंगवून पाहिले गेले. चित्र म्हणजे आकड्यांची चौकट हे समजावायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

१९७७-७८ च्या सुमारास एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी प्रत्येक ठिपक्याला रंगाबरोबर 'किती पारदर्शक' हा आणखी एक आकडा जोडला. १९८४ मध्ये पोर्टर आणि डफ यांनी असे थर एकावर एक ठेवण्याचे गणित नीट मांडले. वरच्या थराचा आकडा २००, खालच्याचा १००, आणि वरचा थर पाव भागच अपारदर्शक असेल तर उत्तर: २०० चा पाव ५०, १०० चा पाऊण ७५, बेरीज १२५. रेजलँडर यांनी कागद झाकून केलेले काम आता एका बेरजेत मावले.

१९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या थॉमस नोल यांनी आपल्या मॅकिन्टॉश संगणकाच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यांचे बंधू जॉन चित्रपटांतील दृश्य-करामतींच्या कंपनीत होते. त्यांना तो उपयोगी वाटला. दोघांनी तो वाढवला आणि १९९० मध्ये तो 'फोटोशॉप' या नावाने बाजारात आला. त्यांचे वडील ग्लेन नोल यांचे विकिरणमापनावरचे पाठ्यपुस्तक भौतिकीच्या अनेक विद्यार्थ्यांनी वापरले आहे. त्यांना छायाचित्रणाचा छंद होता, आणि घराच्या तळघरात त्यांची डार्करूम होती. थॉमस तिथेच शिकले. डार्करूमची भाषा पडद्यावर का आली याचे उत्तर त्या तळघरातही आहे.

कुठे थांबायचे

या साधनांचा दुरुपयोग संगणकाने सुरू केला नाही. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह १९३७ च्या एका फोटोत मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी उभा आहे. मर्जीतून उतरल्यावर १९४० मध्ये त्याला मारण्यात आले, आणि नंतरच्या प्रतीत त्याच्या जागी नुसते पाणी आहे. नॅशनल जिओग्राफिकच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे दोन पिरॅमिड संगणकाने जवळ आणले गेले, ते केवळ आडवे चित्र उभ्या पानात बसावे म्हणून. उद्देश निरुपद्रवी होता, पण पिरॅमिडांमधले अंतर ही वस्तुस्थिती होती आणि ती बदलली गेली.

आणि येथे आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका शोधनिबंधासाठी आम्ही जेलवरच्या प्रथिनांच्या पट्ट्यांचे चित्र तयार करत होतो. पार्श्वभूमी मळकट करडी होती. संपूर्ण चित्राचा कॉन्ट्रास्ट वाढवला. पार्श्वभूमी स्वच्छ पांढरी झाली, पट्ट्या ठळक झाल्या, आम्ही खूश. एका सहकाऱ्याने मूळ फाइल पाहायला मागितली. तिच्यात मुख्य पट्टीखाली एक फिकट पट्टी होती, आणि आमच्या 'स्वच्छ' चित्रात ती नव्हती. प्रथिन साठवणीत तुटत होते आणि ती पट्टी त्याचा तुकडा होती. निबंधातला एक निष्कर्ष बदलावा लागला. आम्ही काही पुसायला बसलो नव्हतो. वक्राचा सपाट भाग कुठे आला आहे हे पाहिले नाही, एवढेच. मूळ फाइल जपून ठेवली नसती तर हे कधी कळलेही नसते.

'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी' या नियतकालिकाने २००२ पासून स्वीकारलेल्या निबंधांतील चित्रे तपासायला सुरुवात केली. त्यांचा नियम साधा आहे. चित्रातील एखादीच गोष्ट वेगळी काढून ठळक करणे, लपवणे, हलवणे, काढणे किंवा नव्याने घालणे चालणार नाही. उजळपणा आणि कॉन्ट्रास्ट बदलता येईल, पण तो संपूर्ण चित्राला सारखा लावला पाहिजे आणि त्यामुळे मूळ चित्रातील काही झाकले जाता कामा नये. आमची चूक या शेवटच्या अटीत बसते. २०१६ मध्ये एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०,६२१ निबंधांतील चित्रे पाहिली. त्यांपैकी ३.८ टक्के निबंधांत संशयास्पद पुनरावृत्ती आढळली. टक्केवारी लहान दिसते, पण याचा अर्थ जवळजवळ आठशे निबंध.

वर्गात काय करता येईल

ज्या शाळेत संगणक आहे तेथे मुले चित्र संपादन शिकतातच. मोबाइलवर तर न शिकवता शिकतात. आता वाक्य लिहून दिले की न घडलेल्या घटनेचे चित्र तयार करणाऱ्या प्रणालीही त्यांच्या हातात आहेत. अशा वेळी 'फोटोवर विश्वास ठेवू नका' एवढे सांगणे पुरेसे नाही. त्याने मुले खऱ्या फोटोलाही खोटे म्हणायला शिकतील. त्यापेक्षा प्रत्येक क्रियेला तीन प्रश्न विचारायची सवय लावावी. मूळ चित्रातले काय टिकले? काय गेले? नवे काय आले? 'मूनराइज'मध्ये चंद्राची जागा टिकली. आमच्या जेलच्या चित्रात फिकट पट्टी गेली. 'अनशार्प मास्क'मध्ये कडेवरच्या दोन रेघा नव्या आल्या.

सुरुवात संगणकाशिवायही करता येते. आलेखाच्या कागदावर १० गुणिले १० चौकटी आखा, ० ते ९ पर्यंतचे आकडे भरून एखादा साधा आकार काढा आणि मरिनरच्या अभियंत्यांप्रमाणे पेन्सिलीने छटा भरा. मग एका गटाने सर्व आकड्यांना एक वक्र लावावा, दुसऱ्याने सरासरी घेऊन अस्पष्ट करावे, तिसऱ्याने वर दाखवल्याप्रमाणे कड वाढवावी. नंतर कागद अदलाबदल करून मूळ आकडे परत काढता येतात का ते एकमेकांना शोधायला सांगावे. कोणत्या गटाचे चित्र परत मिळते आणि कोणाचे मिळत नाही, यावरची चर्चा एका तासात संपणार नाही.

आमच्याकडे आलेल्या त्या विद्यार्थिनीने जाताना तिचा प्रकल्प दाखवला. दोन चित्रे जोडून केलेले एक सुंदर पावसाळी दृश्य होते. त्याच्यासोबत तिने दोन्ही मूळ चित्रे ठेवली होती, आणि एका कागदावर क्रमाने लिहिले होते: कोणता थर कशावर ठेवला, कोणता वक्र लावला, कड किती वाढवली. तो कागद आम्ही तिच्या चित्राइतकाच काळजीपूर्वक वाचला. आता आमच्या प्रयोगशाळेतही प्रत्येक चित्राबरोबर असा कागद ठेवतात.